पाळीत खूप जातं? गर्भाशयाबरोबर रक्तही तपासा

सोनोग्राफी ठीक, थायरॉइड ठीक, तरी अगदी पहिल्या पाळीपासून अंगावरून खूप जातं, अशा मुलीत रक्त गोठण्याचा दोष शोधायलाच हवा. त्यातला सर्वाधिक आढळणारा आनुवंशिक दोष म्हणजे फॉन विलेब्रांट आजार, यात रक्त गोठायला लागणारं याच नावाचं प्रथिन कमी किंवा सदोष असतं. १९२६ साली फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांट यांनी ज्या कुटुंबात तो नोंदवला, त्यातली एक मुलगी पुढे चौथ्याच पाळीत रक्तस्रावाने दगावली.

आधी मोजा. प्रत्येक पॅड बदलताना गुण लिहा: हलका डाग १, मध्यम भिजलेला ५, पूर्ण भिजलेला २०. रक्ताची लहान गाठ १, मोठी गाठ ५. पाळीभराची बेरीज १०० च्या पुढे गेली, तर साधारण ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जातंय असं समजा. दोन पाळ्यांची नोंद पुरे. ‘खूप जातं’ या तोंडी तक्रारीपेक्षा हा कागद डॉक्टरांच्या जास्त कामाचा.

मग घरात विचारा. दहा मिनिटांहून जास्त वेळ घोळणा फुटणं, दात काढल्यावर रक्त न थांबणं, बाळंतपणात रक्त चढवावं लागणं, न लागता काळेनिळे डाग. वडिलांकडेही विचारा, हा दोष त्यांच्याकडूनही येतो. ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं जातं’ या वाक्याने निर्धास्त होऊ नका. उलट तोच धागा आहे.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पहिल्यांदा. हिमोग्लोबिन बरं असलं तरी फेरिटिन ३० च्या खाली असेल, तर लोह संपत आलेलं असतं. पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासण्या) नॉर्मल आले म्हणून थांबू नका, या आजारात ते बहुधा नॉर्मलच येतात. फॉन विलेब्रांट अँटिजेन (त्या प्रथिनाचं प्रमाण), त्याची अ‍ॅक्टिव्हिटी आणि फॅक्टर आठ (रक्त गोठवणारा आणखी एक घटक) या तिन्ही तपासण्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. ताप, ताण, धावपळ, गरोदरपण, इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांनी या प्रथिनाची पातळी वाढते आणि दोष झाकला जातो. शक्यतो पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत, थोडं शांत बसून नमुना द्या. संशय दाट असेल तर पुन्हा तपासा. हेही नॉर्मल आलं तर प्लेटलेटचं (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशींचं) काम तपासायचं, नुसती संख्या नाही. ग्लान्झमन आजारात संख्या पुरेशी असते, पण प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था अशा दोषांवरही काम करते.

निदान होईपर्यंत पोटदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड टाळा, पॅरासिटामॉल चालतं. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड साधारणपणे १ ग्रॅम, दिवसातून तीनदा, जास्त जाण्याच्या दिवसांत, फार तर पाच दिवस देतात. पण डॉक्टरांना विचारूनच. पूर्वी शिरेत गुठळी झाली असेल तर ते आवर्जून सांगा. तासाला एक पॅड भिजतोय, असं सलग दोन तास चाललं किंवा चक्कर आली, तर थेट दवाखाना गाठा.