माटुंगा ईस्टला पहिल्यांदा जाताय? मग असं जा

बहुतेक लोक माटुंग्याला जाऊन काय करतात, तर तासभर लाइनीत उभं राहून डोसा खातात, फोटो टाकतात आणि घरी. त्याने माटुंगा कळत नाही हो. दोन चकरा मारा, एक सकाळची, एक संध्याकाळची, आणि सोमवार टाळा कारण कॅफे मद्रास वगैरे बंद असतं.

स्लो लोकल पकडा, फास्ट इथे थांबत नाही. माटुंगा रोड वेगळं, ते वेस्टर्नला, चुकून तिकडे उतरलात तर झेड ब्रिजवरून चालत या. सेंट्रलचं हे स्टेशन २०१७ पासून पूर्ण बायकांच्या स्टाफने चालवलंय. बाहेर आलात की रामाश्रय हॉटेल, १९३९ चं. शिरा कुठला ते विचारा, रोज बदलतो. गर्दीच्या वेळी तुमच्या टेबलावर कोणीतरी अनोळखी येऊन बसेल तर दचकू नका, इथे तसंच असतं, उलट त्यालाच विचारा काय मागवू, माझ्या निम्म्या ओळखी अशाच झाल्यात.

मग फुलवाल्यांकडे. मी पहिल्यांदा जाऊन "एक मीटर गजरा द्या" म्हणालो तर फुलवाली मावशी हसलीच, मग तिने कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माळ धरून दाखवली, याला तमिळमध्ये मुळम म्हणतात, गजरा असा हाताने मोजतात. तेव्हापासून मी पण "दोन मुळम" मागतो आणि भाव करत नाही.

एक गोष्ट पाळा, सगळ्यांना साउथ इंडियन म्हणून मोकळं होऊ नका. उडुपीवाले बरेचसे तुळू नाहीतर कोंकणी बोलणारे, तमिळ आणि केरळातल्या पालक्काडची कुटुंबं वेगळी, त्यात कच्छी-गुजराती, शेजारी पारशी कॉलनी. किंग्ज सर्कलचा जीएसबीचा, म्हणजे गौड सारस्वत ब्राह्मणांचा, गणपती तर कोंकणी लोकांचा, पाच दिवसांचा. आणि रस्त्यांच्या पाट्या वाचा, भाऊ दाजी, तेलंग, भांडारकर, नावं सगळी ओळखीची आणि वास फिल्टर कॉफीचा! १८९६ च्या प्लेगनंतर गर्दीतल्या मुंबईबाहेर आखून वसवलेला हा भाग, म्हणून इथे फूटपाथ नि झाडं आहेत.

संध्याकाळी फाइव्ह गार्डन्स, तिथे नुसतं बसायचं, नंतर रुईया-पोदार कॉलेजच्या पोरांच्या घोळक्यातून रमतगमत परत. भूक असेल तर किंग्ज सर्कलला 'कूलर' नावाचं इराण्याचं हॉटेल आहेच, पण मग दुपारी रामा नायकच्या बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवलेले नसाल तरच, नाहीतर जागाच उरत नाही.

निघताना कॉफी पावडर घ्या. दुकानदार विचारेल चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती, तेव्हा गडबडू नका, ऐंशी-वीस सांगा, म्हणजे ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी. मी ते ऐटीत सांगितलं आणि बाजूला उभ्या मामींनी माझ्याकडे असं बघितलं की काय विचारू नका, त्या प्युअर घेत होत्या.