फोन लॉक, मी बेशुद्ध

मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. चक्कर येऊन रस्त्यात पडलो तेव्हा ही माहिती माझ्याजवळच होती, पण कुलूपबंद फोनमध्ये. शुद्धीवर येऊन स्वतःच सांगितलं म्हणून निभावलं.

आधी फोनच हाती घेतला. आयफोनमध्ये 'मेडिकल आयडी', अँड्रॉइडवरही बहुतेक फोनमध्ये आपत्कालीन माहिती भरता येते. लॉक न उघडता इमर्जन्सीचं बटण दाबलं की ती दिसते. मात्र आयफोनवर लॉक असताना दाखवण्याचा पर्याय चालू हवा. मी सगळं भरून नेमका तोच बंद ठेवला होता, शहाणा!

बॅटरी संपली तर? म्हणून पाकिटात कागद. पहिला इंकजेटवर छापला. भिजला आणि अक्षरांचा नुसता डाग उरला. दुसरा लेझर प्रिंट, एटीएम कार्डाच्या मापाचा (८५.६ बाय ५४ मिलिमीटर), लॅमिनेट केलेला. रक्तगट लिहिला खरा, पण रक्त चढवण्याआधी तो पुन्हा तपासतातच. त्यामुळे ॲलर्जी सगळ्यात वर, ठळक. खाली रोजची औषधं मात्रेसह, दोन फोन नंबर, आणि तारीख, कारण औषधं बदलतात.

पासपोर्ट-विम्याच्या प्रती मात्र पाकिटात नाहीत. पाकीट मारलं तर चोराला आयतंच घबाड. त्या सेव्हन-झिप या फायली बांधून कुलूप लावणाऱ्या सॉफ्टवेअरने पासवर्ड लावून पेनड्राइव्हवर, किल्ल्यांच्या जुडग्यात. पासवर्ड ताईलाही ठाऊक आहे. मुद्दाम दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहिलं, तर उघडेना. तिथे ते सॉफ्टवेअरच नव्हतं. आता त्याची पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, प्रतही त्याच ड्राइव्हवर आहे.