कोऍग्युलेज टेस्ट लावायची कशी, आणि त्या गुठळीत दिसतं काय

स्टॅफ ऑरियस (Staphylococcus aureus) हा बॅक्टेरिया ओळखायची ही टेस्ट. डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) पोरांचा हात या टेस्टवर छान बसलेला असतो, पण व्हायव्हात कोणी विचारलं की गुठळी करून बॅक्टेरियाला मिळतं काय, की सगळे जमिनीकडे बघतात. म्हणून लावता लावताच समजून घ्या.

आधी स्लाइड. सलाइनचे दोन थेंब लांब लांब टाका, ब्लड अगरवरची (रक्त घातलेल्या मीडियावरची) ताजी कॉलनी, म्हणजे बॅक्टेरियाचा ठिपका, दोन्हीत दुधाळ होईपर्यंत घोळवा आणि जरा थांबा, इथेच दाणे पडले तर कॉलनी आपोआप चिकटतेय, टेस्ट बाद (मीठवाल्या मीडियावरची कॉलनी घेतली की असं होतं). मग एकाच थेंबात लूपभर (तारेच्या कडीत मावेल इतका) सशाचा प्लाझ्मा, हलवा, दहा आकडे मोजा. स्टॅफ ऑरियस असेल तर दूध फाटल्यासारखे दाणे. हे काम क्लम्पिंग फॅक्टरचं, बॅक्टेरियाच्या अंगावरचं हे प्रोटीन प्लाझ्मातलं फायब्रिनोजेन (ज्यापासून गुठळीचं जाळं बनतं ते) पकडतं. शरीरात पण हेच, आपल्याच फायब्रिनोजेनची गोधडी पांघरून बसतो, न्यूट्रोफिलला (बॅक्टेरिया गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीला) गिळायला पकड मिळत नाही.

स्लाइड निगेटिव्ह आली तरी ट्यूब लावाच. किटवर लिहिलंय तसा पातळ केलेला प्लाझ्मा अर्धा मिली, त्यात दोन-तीन कॉलन्या, 37 डिग्रीला 4 तास, आणि अधूनमधून ट्यूब हळूच तिरकी करून बघायची, हलवायची नाही हो, कोवळी गुठळी मोडते. इथे बॅक्टेरियाने बाहेर सोडलेलं कोऍग्युलेज प्रोथ्रॉम्बिनला (प्लाझ्मातल्या रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनला) चिकटतं, त्याला न कापताच कामाला लावतं आणि फायब्रिनचं जाळं विणतं. गळवात हेच जाळं पेशींना बाहेर अडवतं.

मी एकदा ट्यूब थेट सकाळी बघितली आणि बिनधास्त निगेटिव्ह लिहिलं. सरांनी परत लावायला लावली तर 3 तासात घट्ट गुठळी! स्टॅफिलोकायनेजने (याच बॅक्टेरियाच्या गुठळी विरघळवणाऱ्या प्रोटीनने) रात्रीत ती विरघळवली होती. म्हणून 4 तासांचं रीडिंग चुकवू नका, तेव्हा निगेटिव्ह असेल तरच रूम टेंपरेचरला ठेवून 24 तासांनी परत बघा.

हीच ओळख पटवणाऱ्या तयार लॅटेक्स किटमध्ये बारीक मण्यांवर फायब्रिनोजेनसोबत आयजीजी (एक अँटिबॉडी) पण असते, ती ऑरियसच्या अंगावरच्या प्रोटीन ए साठी. आयजीजीची शेपटी न्यूट्रोफिलने धरायची असते, प्रोटीन ए तीच आधी धरून ठेवतं, म्हणजे अँटिबॉडी चिकटलेली दिसते पण उलटी, काही उपयोगाची नाही.

आणि नुसत्या स्लाइडवर ऑरियस लिहून मोकळे होऊ नका, लुग्डुनेन्सिस (स्टॅफचीच दुसरी जात) पण स्लाइडला पॉझिटिव्ह येऊ शकतो, ट्यूबला मात्र निगेटिव्ह.