इंजिनिअरिंगच्या कॅप प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी फाईलमध्ये काय हवं, आणि ती ३१ मार्चची तारीख

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय, पर्सेंटाईल किती, सीओईपी मिळेल का, व्हीजेटीआय मिळेल का, कॉम्प्युटर घ्यायचं की एआय. होईल हो ते सगळं नंतर. आधी कपाटातली फाईल काढा. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांत, निम्मा खेळ कागदांचा आहे आणि कागद जुलैत गोळा होत नाहीत, जुलैत फक्त सेतूबाहेरची लाइन मिळते.

दहावी-बारावीच्या मार्कशीट, आधार, स्कोअरकार्ड, फोटो, सही हे काय सांगायचं. एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, घेताना त्यावर राष्ट्रीयत्व आणि जन्मठिकाण नीट लिहिलंय का ते खिडकीतच उभं राहून वाचा, घरी येऊन नाही. डोमिसाईल काढलेलं नसेल तर काढा, एकदा काढलं की पुढे नोकरीलाही लागतंच. आणि नाव. दहावीच्या मार्कशीटवर जे स्पेलिंग आहे तेच आधारवर, तेच जातीच्या दाखल्यावर हवं. एका ठिकाणी एक अक्षर जास्त असलं तरी तपासणारा फॉर्म परत पाठवतो आणि मग ॲफिडेव्हिट करा, इकडे पळा, तिकडे पळा.

आता नॉन क्रिमी लेयर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा दाखला. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी, यातल्या कुठल्याही कोट्यातून सीट हवी असेल तर हे लागतं. एससी-एसटीला लागत नाही, त्यांनी खाली व्हॅलिडिटीपाशी जावं. बाकीच्यांनी आत्ता, हे वाचता वाचता, तो दाखला हातात घ्या आणि खाली कुठपर्यंत वैध आहे ती ओळ शोधा. तिथे ३१ मार्च असं काहीतरी असतं, त्याच्या पुढचं साल बघा. ज्या वर्षी प्रवेश घेताय त्याच्या पुढच्या सालातला ३१ मार्च हवा. म्हणजे २०२६ च्या जूनमध्ये फॉर्म भरताय तर ३१ मार्च २०२७. तिथे २०२६ दिसत असेल तर तो कागद संपलाय, लॅमिनेट केलेला असला तरी संपलाय.

आमच्या घरात भाचीच्या वेळी हेच झालं. दाखला आहे ना, आहे, लाव फाईलला. साल कोणीच वाचलं नाही. शेवटी पोरीचं नाव ओपनमधून मेरिट लिस्टला लागलं आणि जी ब्रँच हातात होती ती गेली, एवढंच सांगतो.

लोक विचारतात आम्ही तर डिसेंबरातच काढून ठेवलंय की, मग? तोच तर घोळ आहे. हा दाखला उत्पन्नाच्या दाखल्यावर मिळतो आणि उत्पन्न आर्थिक वर्षाचं धरतात, त्यामुळे एक वर्षाचा दाखला डिसेंबरात काढा नाहीतर फेब्रुवारीत, तो येत्या मार्चअखेर मरतो. तीन वर्षांच्या उत्पन्नावर तीन वर्षांचा मिळाला असेल तर वाचलात, पण तरीही साल वाचा. नाहीतर एप्रिल उजाडला की आधी तलाठी आणि तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, मग त्यावर नॉन क्रिमी लेयर. दोन्ही मिळून महिना सहज जातो, मध्ये निवडणूक नाहीतर साहेब रजेवर असले की जास्तच. बारावीचा निकाल लागल्यावर बघू म्हणालात तर अख्खा तालुका तेव्हाच बघत असतो.

जातीची व्हॅलिडिटी ही वेगळी चीज आहे, जातीचा दाखला म्हणजे व्हॅलिडिटी नव्हे, हे अजूनही लोकांना सांगावं लागतं. दाखला प्रांत ऑफिसचा, व्हॅलिडिटी जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीची, एसटीची समिती वेगळी. याचा अर्ज मूल अकरावी-बारावीला असतानाच कॉलेजच्या पत्रासकट करायचा असतो. समिती जुना पुरावा मागते, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१, एससीला १० ऑगस्ट १९५०. म्हणजे आजोबांचा नाहीतर पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने महसुली कागद. गावच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा काढायचा, तिथे मोडीत लिहिलेलं निघालं तर वाचून देणारा माणूस शोधायचा. बापाकडच्या रक्तनात्यात, म्हणजे सख्खा काका, चुलतभाऊ, आत्या यांच्यात कोणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची झेरॉक्स आणि वंशावळ जोडा, निम्मं काम तिथेच होतं. आईकडची चालत नाही. काही वर्षी अर्जाच्या पावतीवर प्रवेश देऊन मागून मुदत दिली जाते, पण ती मिळेलच या भरवशावर पोराचं वर्ष लावू नका.

जेईईवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. आयआयटी-एनआयटीच्या जोसाला, म्हणजे त्यांच्या देशपातळीवरच्या प्रवेश फेऱ्यांना, राज्याचा नॉन क्रिमी लेयर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा लागतो आणि तो त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा हवा. ईडब्ल्यूएसचंही, म्हणजे आर्थिक दुर्बलांच्या दाखल्याचंही, तसंच. एसईबीसी तिथे धरतच नाहीत. काही जाती राज्याच्या यादीत ओबीसी आहेत पण केंद्राच्या यादीत नाहीत, तेही आधी बघून घ्या. म्हणजे तहसीलला एका फेरीत दोन्ही नमुन्यांचे अर्ज टाका. आणि दोन्ही हातात आले की, कंटाळा आला तरी, साल वाचा.

पैशाचं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर फॉर्ममध्ये टीएफडब्ल्यूएसला, म्हणजे फी माफीच्या वेगळ्या सीटना, हो म्हणा, पूर्ण ट्यूशन फी माफ होते, फक्त त्या सीट थोड्या आणि कटऑफ चढा. ओपनवाल्यांना त्याच मर्यादेत निम्म्या फीची सवलत आहे. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या आठ लाखांच्या आतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. पण सीट कॅपमधून मिळालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलीत की हे सगळं विसरा, एजंट काहीही सांगू दे.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेज-ब्रँचची क्रमवार यादी, ज्यावर लोक एक रात्र घालवतात आणि घालवायला हवेत दोन आठवडे. सीईटी सेलच्या साइटवर गेल्या वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ असतात, त्या उतरवून घ्या, यूट्यूबवरच्या दादाचा प्रेडिक्टर नको. त्यातले कोड बघून घाबरायचं नाही. पुढे जी असेल तर जनरल, एल असेल तर लेडीज, मध्ये कॅटेगरी, आणि शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यभराची सीट. आपल्या मुलीला कुठला कोड लागू ते एकदा कळलं की पीडीएफ तासाभरात चाळून होते. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहा, एकाच वर्षावर जाऊ नका.

क्रम लावायचा तो आवडीचा, मार्कांचा नाही. मशीन वरून खाली बघत येतं आणि बसणारी पहिली सीट देतं, त्यामुळे आवाक्याबाहेरचं कॉलेज वर टाकल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते नको असलेलं टाकल्याने. २०२५ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या, पहिल्या फेरीत पहिलं ऑप्शन मिळालं तर सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच घ्यायची आणि पुढच्या फेऱ्या बंद, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी. म्हणजे वरच्या सहात उगाच भर म्हणून काही टाकलं असेल तर तेच गळ्यात पडतं. यंदाचा नियम ब्रोशरमध्ये वाचा, दर वर्षी बदल करतात.

ब्रँच की कॉलेज यावर माझं मत विचाराल तर, पोराला कोडिंगचा कंटाळा असेल तर कॉम्प्युटर नको, कितीही पॅकेजचे आकडे दाखवले तरी नको. सांगली, कराड, अमरावती, नांदेड इथल्या जुन्या कॉलेजांतलं मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल हे हायवेवरच्या काचेच्या बिल्डिंगमधल्या एआयपेक्षा मला बरं वाटतं. शक्य असेल तर एकदा साध्या दिवशी जाऊन या, गेटवर उभ्या पोरांना विचारा लॅब उघडी असते का, हॉस्टेल मिळतं का, मेसचं किती. ब्रोशरमध्ये नसतं ते दहा मिनिटांत कळतं.

फॉर्म सायबरवाल्याकडून भरून घेतलात तरी मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या. त्याचा नंबर दिलात तर ओटीपी त्याच्याकडे, आणि तो लग्नाला गेला की तुम्ही दुकानाबाहेर.

ई-स्क्रुटिनी, म्हणजे कागदांची ऑनलाइन तपासणी, घेतली तर रोज लॉगिन करून बघा, काही कमी असेल तर फॉर्म परत आलेला असतो आणि कोणी फोन करत नाही. परत येण्याचं कारण बहुतेकदा काय असतं? हो, तेच साल. प्रोव्हिजनल मेरिट लिस्ट लागली की कॅटेगरी बरोबर आलीय का बघा, तक्रारीला दिवस मोजकेच असतात, फायनल लागल्यावर कोणी ऐकत नाही.

बाकी पटापट. ऑप्शन फॉर्म भरून कन्फर्म करायला विसरू नका, प्रिंट काढा. सीट मिळाली की सीट ॲक्सेप्टन्सची फी मुदतीत भरा, सर्व्हर शेवटच्या संध्याकाळी बसतोच. कॉलेजला रिपोर्टिंगला ओरिजिनल आणि तीन झेरॉक्स सेट, ओरिजिनल जमा करण्याआधी सगळं स्कॅन. बीसीए, बीबीए, बीएमएसवाल्यांनी आपल्याला सीईटी नाही असं समजू नका, २०२४ पासून आहे. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिप आणि फी सवलतीच्या पोर्टलचा, फॉर्म कॉलेज सुरू झाल्यावर भरायचा, त्याला आधार लिंक केलेलं बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर हवं, बापाचं चालत नाही.