बटाट्यावरील जिवाणूजन्य मर: जैविक नियंत्रण कसे करावे

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारासारख्या भागात खरिपात बटाटा घेतात. पाऊस आणि उबदार माती जुळून आली की हिरवीगार झाडे एक-दोन दिवसांत मान टाकतात. बऱ्याचदा पाने पिवळीही पडत नाहीत. हे काम राल्स्टोनिया सोलॅनेसिरम या जिवाणूचे. तो जखमेतून मुळात शिरतो, पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि त्या चिकट द्रवाने तुंबवतो. नळ्यांत शिरलेल्या या जिवाणूपर्यंत कोणतेही जैविक औषध पोचत नाही. म्हणून मित्र जिवाणूंनी मुळाभोवतीची जागा आधीच धरली पाहिजे. पुढची सगळी कामे त्याच हिशेबाने करायची.

आधी खात्री करा

बुरशीजन्य मर, मूळकूज किंवा पाण्याचा ताण यांतही झाड सुकते. सुकलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत कापा, दोन-तीन इंचांचा तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा लटकवा आणि पाणी हलवू नका. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरले तर रोग जिवाणूजन्य आहे. कंद आडवा कापल्यावर सालीच्या आत तपकिरी कडे दिसते आणि दाबल्यावर त्यातून पांढरट द्रव येतो. डोळ्यांतून असा द्रव येत असेल तर तिथे माती चिकटून बसलेली असते.

बेणे आणि बेवड

वरून निरोगी दिसणाऱ्या बेण्यातही हा जिवाणू असू शकतो. त्यामुळे प्रमाणित बेणेच घ्या आणि मर लागलेल्या शेतातला माल बेण्याला ठेवू नका. खरिपात ४० ते ५० ग्रॅमचे अख्खे कंद लावावेत. एक रोगट कंद कापला की त्याच विळ्याने पुढच्या कितीतरी फोडींना लागण होते. रब्बीत कापावेच लागले तर दोन विळे ठेवा. एक वापरात असताना दुसरा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडालेला असावा, आणि कंद बदलला की विळा बदलावा. फोडी दोन दिवस सावलीत पसरून जखमा सुकू द्या.

टोमॅटो, वांगी, मिरची किंवा आले यांच्या बेवडावर, म्हणजे ही पिके आधी घेतलेल्या रानात, बटाटा नको. गहू, मका, ज्वारी, कांदा, लसूण यांचा बेवड चालतो. मर जास्त असलेल्या शेतात दोन-तीन वर्षे हीच पिके घ्यावीत. एप्रिल-मे महिन्यांत खोल नांगरट करून माती तापू द्या.

औषध घेताना

स्यूडोमोनास फ्लुरोसन्स किंवा बॅसिलस सबटिलिस या मित्र जिवाणूची भुकटी घ्या. ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी प्रामुख्याने बुरशीजन्य रोगांसाठी असते, या मरेसाठी त्यावर विसंबू नका. पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जिवाणूंची संख्या तपासा. स्यूडोमोनास बीजाणू तयार करत नाही, त्यामुळे तो उन्हात आणि गरम गोदामात लवकर मरतो. बॅसिलस तुलनेने जास्त टिकतो. शंका असेल तर पाकीट घेऊच नका, कारण मेलेल्या भुकटीने काहीच साधत नाही.

शेणखतात वाढवणे

लागवडीच्या दहा-बारा दिवस आधी, एकरी २ किलो भुकटी १०० किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळा. ढीग सावलीत ठेवा आणि ओल्या गोणपाटाने झाका. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, एवढीच ओल राखा. मध्ये एकदा खालीवर करा. हे खत लागवडीच्या वेळी सरीत कंदाखाली टाका. ताजे शेण वापरू नका, ते कुजताना तापते.

बेणे बुडवणे

१०० लिटर विहिरीच्या पाण्यात १ किलो भुकटी कालवा. क्लोरीन टाकलेले नळाचे पाणी टाळा. क्रेटमध्ये बेणे भरून २० ते ३० मिनिटे बुडवा, सावलीत निथळू द्या आणि त्याच दिवशी लावा. भुकटी तळाशी बसते म्हणून द्रावण अधूनमधून ढवळा. द्रावण गढूळ झाले किंवा एखादा कुजका कंद त्यात पडला तर ते फेकून नवे करा. नाहीतर त्याच टाकीतून रोग सगळ्या बेण्याला लागतो.

आळवणी

उगवण झाल्यावर, साधारण २० आणि ४० दिवसांनी, एकरी २ किलो भुकटी २०० लिटर पाण्यातून बुंध्याशी द्या. वाफसा असावा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली, आणि वेळ संध्याकाळची. ठिबकमधून द्यायचे असेल तर द्रवरूप औषध घ्या, भुकटीने ड्रीपर तुंबतात.

सर्वांत जास्त नुकसान इथे होते: करप्यासाठी तांबेयुक्त औषध मारले, त्याच आठवड्यात आळवणी केली आणि मित्र जिवाणूच मेले. दोन्हींत किमान आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवा. प्रतिजैविके आणि ब्लीचिंग पावडर यांचेही तसेच. सरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर त्याच वेळी स्यूडोमोनास देणे व्यर्थ आहे, तो पुढच्या आळवणीतूनच द्या.

उभ्या पिकात

मातीची भर एकदाच आणि हलक्या हाताने द्या. कुदळीने तुटलेली मुळे म्हणजे जिवाणूला मोकळी वाट. मुळांवर सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींच्या) गाठी असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, कारण त्या जखमांतूनही मर शिरते. पाटाचे पाणी रोगट भागातून निरोगी भागात जाऊ देऊ नका.

मान टाकलेले झाड कंद आणि भोवतालच्या मातीसह उपटा, पोत्यात भरून शेताबाहेर न्या आणि खोल पुरा. ते उकिरड्यात किंवा ओढ्यात टाकू नका. कुदळ आणि पादत्राणे धुऊनच पुढच्या सरीत जा.