गुडघा माझा, धडधड ह्यांची

मुंबई पाहायची तर रविवारी सकाळी सातला फोर्टात उतरा, रस्ते मोकळे असतात. टॅक्सी अर्ध्या दिवसासाठी आधीच ठरवा, म्हणजे "परत कसं जायचं?" हे ह्यांचं पालुपद मिटतं. टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या, 30 पायऱ्या चढू नका. ते खांब खालूनच झकास दिसतात, मग हॉर्निमन सर्कलच्या बागेत टेका. घारापुरीला डोली मिळते खरी, पण हलत्या बोटीतून उतरायचं आणि वर सुमारे 120 पायऱ्या! आम्ही गेटवेवरूनच हात जोडले. रस्ता ओलांडताना मी ह्यांचा हात धरते. आधार मला हवाय, असं त्यांना वाटू द्यायचं. सूर्यास्ताला मात्र मरीन ड्राइव्ह: सपाट फुटपाथ, बसायला लांबलचक कठडा. तिथे हे चक्क दाणे खात गप्प बसतात.