चेपलेली गवती हॅट पुन्हा आकारात: माझा अनुभव

सामानाखाली दबून माझ्या गवती हॅटचा माथा आत गेला होता आणि कड वेडीवाकडी झाली होती. कोरडं गवत वाकवलं की तडकतं, म्हणून आधी वाफ. उकळत्या किटलीपासून वीतभर लांब धरून हॅट फिरवत राहिले. काड्या मऊ पडल्यावर खड्डा आतून बोटांनी हलकेच बाहेर ढकलला आणि हॅट डोक्याच्या मापाच्या उपड्या पातेल्यावर चढवली. कडेवर ओलसर सुती कापड ठेवून मंद इस्त्री नुसती टेकवली, घासली नाही. खरा आकार वाळतानाच बसतो, त्यामुळे पूर्ण सुकेपर्यंत तिला हात लावायचा नाही. कागदी काड्यांच्या हॅटला मात्र वाफ अगदी बेतानं द्या, ती लगेच लिबलिबीत होते. आणि हॅट उचलताना माथा चिमटीत धरू नका, चिरा तिथेच पडतात.